गोव्याला २९२ माणसे हवीत

विनोबांचा एक साधा हिशेब होता. दर पाच हजार लोकांमागे एक शांतिसैनिक, म्हणजे भांडण पेटण्याआधी मध्ये पडणारा निःशस्त्र माणूस. १९५७ साली केरळच्या पदयात्रेत त्यांनी शांतिसेना उभी केली, तेव्हा देशाची वस्ती पस्तीस कोटी धरून त्यांनी सत्तर हजारांचा आकडा काढला. तोच हिशेब गोव्याला लावून बघावा. २०११ च्या जनगणनेत आपण १४,५८,५४५ होतो. पाच हजारांनी भागले की २९१ आणि वर थोडे. म्हणजे २९२ माणसे. पंचायती आहेत १९१. शहरे बाजूला ठेवून प्रत्येक पंचायतीला दोन माणसे दिली, तर ३८२ होतात. नवे खाते नको, इमारत नको. गावातली, गावाला नावाने माहीत असलेली, शिकवून तयार केलेली दोन माणसे हवीत, आणि माझ्या मते त्यातली निदान एक बाई असावी.

हा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. इथे कशाला? गोवा शांतच आहे. चवथीला शेजारच्या ख्रिस्ती घरात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जातात, नाताळला तिकडून कुसवार, म्हणजे त्यांचा फराळ, येतो, म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, हिंदू तेल घेऊन जातात. हे सगळे खरे आहे आणि जपण्यासारखे आहे. पण नेवऱ्यांचे ताट ही नात्याची खूण झाली. वाद पेटला तर आधी कोणाच्या दारात जायचे, काय बोलायचे, काय बोलायचे नाही, हे त्या ताटात मिळत नाही. १९८६ च्या डिसेंबरात कोंकणी की मराठी या राजभाषेच्या वादात याच गोव्यात रस्ते अडले, जाळपोळ झाली, माणसांचे जीव गेले. त्या वर्षीच्या चवथीलाही ताटे गेलीच असतील. नाती होती. ती वेळेवर कामाला लावणारी माणसे नव्हती.

अशी माणसे कशी घडतात, हे बघायचे तर निर्मला देशपांडे यांचे आयुष्य समोर ठेवावे. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे निघत नाही, आणि निघाले तरी ‘ज्येष्ठ गांधीवादी’ एवढ्यावर थांबते. १९२९ साली नागपुरात जन्म, वडील मराठीतले नामवंत लेखक पु. य. देशपांडे. राज्यशास्त्रात एम. ए. करून कॉलेजात शिकवत होत्या. १९५२ मध्ये नोकरी सोडून विनोबांच्या भूदान यात्रेत सामील झाल्या, आणि पुढच्या वर्षांत त्या सुमारे चाळीस हजार किलोमीटर चालल्या असे सांगतात. आकडा ऐकून आपण हात जोडतो आणि पुढे जातो. थांबून बघायला हवे ते त्या चालण्यातले रोजचे काम. यात्रा पहाटे अंधारात निघे, दहा-बारा मैल चालून नव्या गावात पोचे, दुपारी गावकऱ्यांशी बोलणी, संध्याकाळी प्रार्थना आणि प्रवचन. निर्मलाताईंच्या वाट्याला लिहिण्याचे काम होते. विनोबा बोलत ते टिपायचे, मग नीट मांडायचे. भूदानातल्या प्रवचनांचे खंड त्यांच्याच संपादनातून निघाले.

मला हे त्यांच्या शिक्षणातले सर्वांत महत्त्वाचे पान वाटते. दुसरा जे बोलला तेच, त्याच्याच शब्दांत, आपली भर न घालता उतरवायचे. वर्षानुवर्षे हे करणाऱ्या माणसाला ऐकायची सवय लागते. आणि भांडणाच्या जागी शंभरातल्या नव्वदांना नेमके तेच जमत नसते.

पुढची त्यांची कामे याच सवयीवर उभी आहेत. १९९४ साली, खोऱ्यात बंदुका बोलत असताना, त्यांनी काश्मीरमध्ये शांतियात्रा काढली. १९९६ मध्ये भारत आणि पाकिस्तानातल्या लोकांची बैठक घडवून आणली. कारगिलचे युद्ध १९९९ च्या उन्हाळ्यात झाले, आणि मार्च २००० मध्ये त्या बसभर बायका घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. काही महिन्यांतच पाकिस्तानातल्या मानवी हक्कांच्या वकील अस्मा जहांगीर यांच्या पुढाकाराने तिकडच्या बायका दिल्लीत आल्या. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात भारत-पाकिस्तानचा व्हिसा देशाचा मिळत नसे, शहराचा मिळे. ज्या शहराचे नाव त्यावर असेल तिथेच जायचे, पोचल्यावर पोलिसांत नोंद करायची, निघतानाही करायची. एका बाईचा कागद अडकला की बस थांबणार की तिला सोडून जाणार, हे आधी ठरवावे लागते. तिकडे कोण उतरवून घेणार, रात्री कुठे राहायचे, पत्रकाराने सीमेवरच काश्मीरचा प्रश्न विचारला तर कोण बोलेल आणि कोण गप्प राहील, हेही ठरलेले असावे लागते. शांतता म्हणजे अशा बारीक कामांची रास असते. त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये, पाकिस्तानने त्यांना सितारा-ए-इम्तियाज हा तिकडचा मोठा नागरी सन्मान दिला. आपल्याकडचे पद्मविभूषण २००६ चे. दोन्ही देशांनी गौरवलेली अशी मराठी बाई दुसरी शोधावी लागेल.

त्यांच्यावर टीका होते तीही सांगितली पाहिजे. त्या इंदिरा गांधींच्या जवळच्या मानल्या जात. आणीबाणीत सर्वोदयाची दोन शकले झाली, तेव्हा त्या विनोबांच्या बाजूला राहिल्या आणि जयप्रकाशांबरोबर गेलेल्यांच्या मनातून उतरल्या. राष्ट्रपतींनी दोनदा राज्यसभेवर नेमले, त्यावरही बोलणे झाले. टीकेत तथ्य आहे असे मला वाटते. सत्तेच्या ओळखीने सीमेवरचे दार उघडते, पण जो तुरुंगात बसला आहे त्याचा तुमच्यावरचा विश्वास त्याच ओळखीने जातो. गावातल्या शांतिसैनिकासाठी यातून एक नियम निघतो. पंच, सरपंच, आमदाराचा कार्यकर्ता, देवस्थान समितीचा पदाधिकारी यांपैकी कोणीही या कामात नको. माणसे चांगली असली तरी नको.

आता हे गोव्यात कसे करायचे ते बघू. सुरुवात ग्रामसभेपासून करावी, कारण आपल्याकडचे बहुतेक गाववाद रविवारी सकाळी तिथेच तापतात. जमिनीचे रूपांतर, डोंगरकापणी, रस्तारुंदी, मोबाइल टॉवर, बाहेरच्यांचा मोठा प्रकल्प. ग्रामसभा हातघाईवर येते त्याची कारणे जवळपास तीच तीच असतात. मंडप लहान, लोक जास्त, मागचे उभे. ध्वनिक्षेपक एकच, आणि तोही मंचावर, म्हणजे बोलायचे तर सरपंचाच्या अंगावर जावे लागते. वादाचा विषय यादीत शेवटी, म्हणजे तीन तास घाम गाळल्यावर. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ठराव वहीत तिथल्या तिथे लिहिला जात नाही. लोक घरी जातात, पंधरा दिवसांनी इतिवृत्त हातात येते आणि त्यात भलतेच वाक्य असते. पुढच्या सभेला लोक आधीच चिडून येतात. खुर्च्या फेकल्या जातात ते या सभेमुळे नसते, मागच्या सभेच्या इतिवृत्तामुळे असते.

म्हणून शांतिसैनिकाचे काम सभेच्या तीन दिवस आधी सुरू व्हावे. दोन्ही बाजूंचे सर्वांत मोठ्याने बोलणारे दोन-दोन लोक शोधायचे आणि त्यांच्या घरी जायचे. पंचायतीत बोलावायचे नाही, घरीच जायचे. एकच प्रश्न विचारायचा: सभेत तुमचे काय ऐकले गेले म्हणजे तुम्ही शांतपणे घरी जाल? उत्तर लिहून घ्यायचे आणि त्यांनाच वाचून दाखवायचे. इथे बहुतेकदा माणूस स्वतःचे वाक्य दुरुस्त करतो, आणि दुरुस्त वाक्य पहिल्यापेक्षा मवाळ असते. मग सचिवाला भेटून वादाचा विषय यादीत दुसरा किंवा तिसरा घ्यायला सांगायचे. सभेच्या दिवशी ध्वनिक्षेपक मंचावरून काढून मधल्या वाटेत उभा करायचा, म्हणजे बोलणारा रांगेत येतो, मंचावर चढत नाही. पुढच्या दोन रांगा म्हाताऱ्यांना आणि बायकांना. पाण्याची दोन भांडी दोन टोकांना, एका जागी नकोत, नाहीतर तिथेच घोळका जमतो. विषय संपला की सचिवाने ठराव वहीत लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. तोपर्यंत पुढचा विषय नाही.

मिरवणुकीचे काम वेगळे. पालखी, दिंडी, फेस्ताची मिरवणूक, गणेश विसर्जन यांच्या वाटेवरच्या अडणाऱ्या जागा गावाला पाठ असतात. दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळासमोरचा तुकडा, अरुंद साकव, मानाचा वाद असलेल्या घराची पायरी. मानपानाच्या वादात तर दोन्ही बाजू एकाच देवाच्या असतात, मामलेदारापर्यंत कागद गेलेले असतात आणि जत्रेच्या आदल्या रात्री जमावबंदी लागते. अशा जागी शांतिसैनिकांनी नेहमी दोघांनी जायचे, आणि ते दोघे दोन वेगळ्या बाजूंच्या घरांतले असावेत. एकाने बोलायचे, दुसऱ्याने फक्त बघायचे: मागून कोण येतो, कोणाच्या हातात काय आहे, पोरे कुठे सरकतात. बोलणाऱ्याने समोरासमोर छाती करून उभे राहू नये, थोडे बाजूला तोंड करून उभे राहावे. चिडलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावू नये. आपल्याला तो जिव्हाळा वाटतो, त्याला ती अडवणूक वाटते. त्याला नावाने हाक मारावी, सावलीत न्यावे, पाणी द्यावे. ‘सुरुवात कोणी केली’ हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा नाही.

अफवेसाठी वेगळी वही हवी. तीन रकाने पुरतात: किती वाजता कळले, कोणी सांगितले, त्याने स्वतः बघितले का. तिसऱ्या रकान्यात ‘नाही’ आले की दुसऱ्या रकान्यातल्या माणसाला फोन करायचा आणि त्याला कोणी सांगितले ते विचारत मागे जायचे. तीन-चार फोनांत बहुधा असा माणूस सापडतो ज्याने काहीतरी बघितले, पण जे पसरले ते नाही. मूर्ती फुटली असे पसरलेले असते आणि प्रत्यक्षात ट्रकच्या धक्क्याने कमानीचा बांबू पडलेला असतो. खरे कळले की अर्ध्या तासाच्या आत ते सांगायचे, आणि लिखित संदेशाने नाही तर गावाला ओळखीच्या आवाजात, कोंकणीत आणि मराठीत. लिहिलेला खुलासा कोणीही बनवू शकतो, हे आता पोरांनाही माहीत झाले आहे. शेजारणीचा आवाज मात्र ओळखू येतो.

काम कुठे बिघडते तेही आधीच सांगून ठेवावे. शांतिसैनिक एकटा गेला की बिघडते. उशिरा गेला की बिघडते, कारण दगड पडल्यावर त्याचे कोणी ऐकत नाही, आणि ऐकावे अशी अपेक्षाही धरू नये. ध्वनिक्षेपकावरून उपदेश केला की बिघडते. आपल्या हातात नसलेले वचन दिले, ‘मी मामलेदाराकडून करून घेतो’, की महिनाभराने बिघडते. मोबाइलवर फोटो काढले की त्याच मिनिटाला बिघडते. पोलिसांना गुपचूप नावे पुरवली तर कायमचेच बिघडते. कोणाकडे हत्यार दिसले तर पोलिसांना सांगितलेच पाहिजे, पण ते ‘मी सांगणार आहे’ असे तोंडावर सांगून. हा नियम सर्वांत कठीण आहे आणि प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ यालाच द्यावा लागेल.

प्रशिक्षण सहा रविवारांत, दर वेळी तीन तास, म्हणजे अठरा तासांत बसते. त्यात भाषणे नकोत. अर्ध्यांनी चिडलेला जमाव व्हायचे, अर्ध्यांनी शांतिसैनिक, मग उलट. जमाव झाल्यावर कळते की कोणते वाक्य आपल्याला आणखी भडकवते. ‘शांत व्हा’ हे त्यातले पहिले.

पोलीस ठाण्यांवर शांतता समित्या असतातच, मग हे नवे कशाला, असे कोणी म्हणेल. सणाच्या आधी बैठक, चहा, सामोसा, सहकार्याचे आवाहन. तिथे येणारी माणसे प्रतिष्ठित असतात, वयाने मोठी असतात आणि बहुतेक पुरुष असतात. ज्या पोरांच्या हातात मिरवणुकीची काठी असते ती त्यांना ओळखत नाहीत. पोलिसांनी बोलावलेली समिती पोलिसांची राहते, त्यात कोणाचा दोष नाही. निर्मलाताई काश्मीरमध्ये लष्कराच्या गाडीतून फिरल्या असत्या तर कोणत्या घराने दार उघडले असते?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो बायकांनीच घेतला पाहिजे. भांडणे पुरुषांनी करायची आणि मिटवायला बायकांनी जायचे, तेही फुकट, हा कुठला न्याय? घरातली सगळी समजूत तीच घालते, आता गावाचीही तिनेच घालावी? म्हणून हे काम फुकट असू नये. विनोबांनी यासाठी सर्वोदय-पात्र सुचवले होते. प्रत्येक घरात एक भांडे, त्यात रोज घरातल्या लहान मुलाने मूठभर धान्य टाकायचे. ते धान्य म्हणजे शांतिसेनेला त्या घराची संमती. आपल्याकडे हिशेब करून बघा. पोराच्या मुठीत पंधरा ग्रॅम उकडे तांदूळ धरा, गावातली घरे तीनशे, दिवस तीस. महिन्याला १३५ किलो होतात. ही योजना देशात कुठे फार काळ टिकली नाही, कारण भांडे भरणे सोपे आणि महिन्याला तीनशे दारांतून ते गोळा करणे कठीण. तांदळाला कीड लागली की घरही विसरते. आज दर घरामागे महिन्याला दहा रुपये घेतले तर तीन हजार होतात. रक्कम लहान आहे, पण ती घराघरातून आलेली असावी, सरकारी अनुदानातून नको. आणि वसुलीला शांतिसैनिक स्वतः जावा, म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येक दारात त्याचे पाऊल पडते, भांडण नसताना. हे दहा रुपयांपेक्षा मोलाचे आहे.

तिसरा आक्षेप गोव्यात हमखास येतो, आणि तो आंदोलनातल्या माणसांचा असतो. शांततेच्या नावाखाली तुम्ही आम्हाला गप्प बसवणार. डोंगर कापला जातोय, कोळशाची धूळ घरात येतेय आणि तुम्ही सांगणार सबुरीने घ्या. ही भीती अनाठायी नाही. शांतिसैनिक मागणीबद्दल एक शब्द बोलणार नाही, ही अट म्हणूनच लेखी हवी. राजभाषा कोणती असावी, यावर मराठीवाद्याचे मत मराठीवाद्याजवळ आणि कोंकणीवाद्याचे त्याच्याजवळ. शांतिसैनिक फक्त एवढे बघणार की हे मत मांडताना कोणाच्या दुकानाची काच फुटत नाही. म्हणजे मत गिळणे नव्हे, आणि त्याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या नॅशनल काँग्रेस गोवाचे अधिवेशन भरले, ते उघडपणे, पोर्तुगीज पोलिसांच्या डोळ्यांदेखत. अध्यक्षस्थानी होत्या सुधाताई जोशी, महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. लग्नाची पत्रिकाही छापण्याआधी सेन्सॉरकडे न्यावी लागायची, त्या काळातली ही गोष्ट. हातात शस्त्र नव्हते. शिक्षा झाली बारा वर्षांची. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय तिरंगा घेऊन गोळ्या झेलत राहिल्या. या बायकांना कोणी गप्प म्हणू शकत नाही.

दरवर्षी १८ जूनला आपण क्रांतिदिन करतो, हारतुरे होतात, स्वातंत्र्यसैनिकांची नावे वाचली जातात. त्यात या बायकांचे शौर्य येते, त्यांची तयारी येत नाही. अधिवेशन उघडे भरवायचे तर जागा, निरोप, पकडले गेल्यावर घरची पोरे कोणाकडे, हे कोणीतरी ठरवलेले असणार. शाळेतल्या पोरांना आपण सुधाताईंची शिक्षा किती वर्षांची ते पाठ करायला लावतो. त्याच पोरांना वर्गातल्या भांडणात दोन्ही बाजूंचे म्हणणे लिहून घ्यायला शिकवले, तर पुढच्या वीस वर्षांत २९२ माणसे शोधत फिरावे लागणार नाही.

तोवर येत्या ग्रामसभेत सुरुवातीला एवढेच करून बघता येईल. वादाचा ठराव मंजूर झाला की कोणीतरी हात वर करून, आवाज न चढवता म्हणावे, ‘सचिवबाब, आता लिहा, आणि वाचून दाखवा.’ आणि वाचून होईपर्यंत उभे राहावे.